पालखीतल्या सात कादंबऱ्या

कादंबऱ्यांची नावं मी इथे देणार नाही. लेखकांचीही नाही. नाव छापलं की वाचणारा बसल्या जागी खिशातून फोन काढतो, कुठल्या तरी गोदामातून पुस्तक मागवतो आणि वर मलाच येऊन सांगतो की तुमच्यामुळे एक छान कादंबरी कळली. कळल्याचे आभार मला आणि धंदा गोदामाला. हा व्यवहार मला मान्य नाही. ज्याला नाव हवं असेल त्याने दुकानात यावं.

दुकान नाशिकमध्ये, मेन रोडच्या एका बोळात आहे. त्याआधी मी फुटपाथवर बसायचो आणि त्याच्याही आधी एका रद्दीवाल्याकडे गठ्ठे बांधायचो. कादंबऱ्या तिथेच वाचायला लागलो. ज्या पानांच्या उद्या पुड्या होणार आहेत त्यांत काय लिहिलंय ते एकदा बघून घ्यावं, एवढाच हेतू होता. तेव्हापासून सगळ्या जातीच्या वाचतो. खुनाच्या, भुताच्या, इतिहासाच्या, प्रेमाच्या. कोणी 'काहीतरी दर्जेदार द्या' म्हणालं की मी त्याला शब्दकोश दाखवतो. तो खरोखरच दर्जेदार आहे आणि बरेच दिवस पडून आहे.

दुकानाचा एक नियम आहे. कादंबरी घरी न्या, पन्नास पानं वाचा. तिथे थांबावंसं वाटलं तर परत आणा, काही द्यायचं नाही. एक्कावन्नावं पान उलटलं की पुस्तक तुमचं, आणि मग किमतीत घासाघीस नाही. लोक विचारतात, आम्ही अख्खी वाचून परत आणली तर तुम्हाला कळणार कसं? कळतं. पन्नासाव्या पानावर थांबलेला माणूस परत देताना तक्रार करतो. पुढे गेलेला गप्प असतो आणि उगाच हवापाण्याचं बोलतो.

आता मंडळाविषयी. आमच्या शहरात वाचनप्रेमींचं एक मंडळ आहे आणि ते दरवर्षी एक दिवसाचं संमेलन भरवतं. मला निमंत्रण असतं, बाहेर टेबल लावण्याचं. आत व्यासपीठावर कादंबरीविषयी बोलायला प्राध्यापक असतात, निवृत्त अधिकारी असतात, एका वर्षी दातांचे डॉक्टर होते. डॉक्टर ज्या कादंबरीवर बोलले ती त्यांनी माझ्याकडूनच नेली होती आणि चव्वेचाळिसाव्या पानावरून परत आणली होती. मी टेबलापाशी उभा राहून भाषण ऐकलं. पंचेचाळिसाव्या पानापासून जे घडतं त्याचा त्यात उल्लेख नव्हता. टाळ्या चांगल्या पडल्या.

यंदा संमेलनाचा विषय कादंबरी होता. मंडळाचे सचिव, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दुकानात आले.

"शेठ, ग्रंथदिंडीसाठी सात कादंबऱ्या लागतील."

ग्रंथदिंडी म्हणजे संमेलनाच्या सकाळी पुस्तकं पालखीत ठेवून वाजतगाजत सभागृहापर्यंत नेतात ती.

"कुठल्या कादंबऱ्या?"

"ते तुमच्यावर. फक्त जाडजूड बघा. लाल कापडी बांधणी असली तर उत्तम. फोटोत उठून दिसते."

"देतो," मी म्हटलं. "मला व्यासपीठावर दहा मिनिटं हवीत. विषय, मला आवडलेल्या कादंबऱ्या."

"अहो, वक्ते ठरलेत. पत्रिका छापून झाली."

"मग पालखीत पत्रिका ठेवा."

सचिव खुर्चीवर बसले. बसला की माणूस सौद्यात उतरला, हे धंद्यातलं पहिलं गणित.

"पाच मिनिटं," ते म्हणाले.

"दहा."

"सात. सात कादंबऱ्या, सात मिनिटं. न्याय झाला."

"एका कादंबरीला एक मिनिट? तुम्ही चहा किती वेळ पिता?"

"चहा अजून आलेला नाही."

मी चहा सांगितला. चहा संपेपर्यंत ते दहावर आले. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, "सातही ग्रंथ सभागृहात पोचले पाहिजेत बरं का. त्यावर आपलं ठरलं." मी म्हटलं, पोचतील. सौद्यात शेवटची अट समोरच्याला घालू देऊ नये, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी मी खुशीत होतो.

रात्री बायकोसमोर भाषणाची तालीम केली. ती म्हणाली, "दहा मिनिटांत तुमच्या दुकानाचं शटर उघडत नाही." मी सुरुवात केली. मंडळाने आजवर कोणाकोणाला बोलावलं, कोणत्या निकषावर बोलावलं, याची पार्श्वभूमी देणं गरजेचं होतं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "यात कादंबरी कधी येते?"

"येतेय."

"माझी पन्नास पानं झाली," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

सात कादंबऱ्या मी जाडीवर निवडल्या नाहीत, आवडीवर निवडल्या. खुनाची तर इतकी बारीक आहे की दुमडून खिशात मावते. संमेलनाच्या सकाळी पंचवटीतल्या शाळेच्या पटांगणात सचिवांनी पालखीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "उरलेल्या कुठे आहेत?" मी म्हटलं, सात मोजा. त्यांनी मोजल्या आणि झेंडूची आणखी चार ताटं मागवली.

दिंडी निघाली. पुढे लेझीमच्या मुली, मग ढोलपथक, मग पालखी. पालखीला खांदा ढोलपथकातलेच चौघे आळीपाळीने देत होते. मी पालखीला लागून चालत होतो, कारण पुस्तकं माझी होती आणि लोक त्यांच्यावर हळदकुंकू टाकणार हे दिसत होतं. पूल ओलांडून फुलबाजारात आलो तेव्हा पालखी थांबली. गावाबाहेरच्या मळ्यांतून फुलं घेऊन येणाऱ्या बाया तिथे पाट्या मांडून बसतात. त्यांतली एक ताट घेऊन पुढे आली. वरचं पुस्तक खुनाचं होतं. तिने त्याला हळद लावली, कुंकू लावलं. मुखपृष्ठ पांढरं होतं, कुंकू शोभून दिसलं.

"कुठली पोथी म्हणायची ही?" तिने विचारलं.

"ताई, हे ज्ञानाचं प्रतीक आहे," सचिव म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"पोथी नाही," मी म्हटलं. "कादंबरी आहे. खून होतो."

"आगं बया. कोणाचा?"

"तालुक्याच्या गावात एक लॉज असतो, त्याच्या मालकाचा. चौथ्या पानावर."

"मारतं कोण?"

"तेही चौथ्या पानावरच सांगितलंय. सगळ्या गावाला ठाऊक असतं कोणी मारलं. पोलीस एकेकाला विचारत फिरतो आणि कोणीच सांगत नाही. का सांगत नाही, ती गोष्ट."

"लय वंगाळ असंल मालक," शेजारची पाटीवाली म्हणाली.

"नाही. भला माणूस होता. तीच भानगड आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग पहिलीने हात पुढे केला. "द्या हिकडं. दुपारी गिऱ्हाईक नसतंय. वाचते."

"ताई, ही पूजेची पुस्तकं आहेत," सचिव म्हणाले.

"पूजा झाली की. म्याच केली आता."

समोर गिऱ्हाईक हात पुढे करून उभं आहे, माल हाताशी आहे आणि द्यायचा नाही, असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. मी पुस्तक काढलं आणि दिलं. पन्नास पानांचा नियम सांगितला.

"पुढं वाचलं तर पैसे?" ती म्हणाली. "फुलं चालतील?"

"नाही."

"अर्धी फुलं, अर्धे पैसे."

"आधी एक्कावन्नावर या, मग बोलू."

सचिवांनी मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, सहा आहेत अजून, आणि दुकान वाटेवरच आहे, सातवी दुसरी प्रत काढून घेईन. हे मी मनापासून म्हटलं होतं. ते म्हणाले, लक्षात ठेवा, आणि पाहुण्यांच्या स्वागताची व्यवस्था बघायला स्कूटरवरून पुढे गेले. त्यांनी जायला नको होतं.

पालखीला पुढून खांदा देणारा तरुण हे सगळं ऐकत होता. सातपूरला कारखान्यात तिसऱ्या पाळीला असतो, पाळी संपवून थेट दिंडीला आला होता.

"काका, भुताची हाय का एखादी?"

"आहे. सरकारी विश्रामगृह असतं. रात्री कोणी नसतं. सकाळी चौकीदार कप विसळायला घेतो तर रोज एक कप जास्त उष्टा निघतो."

तो थोडा वेळ वाट बघत चालला. "मंग भूत कधी येतं?"

"येत नाही."

"आं?"

"अख्ख्या कादंबरीत येत नाही. कप तेवढे निघतात."

तो आणखी थोडा चालला. "द्या," तो म्हणाला.

"रात्रपाळीला वाचू नकोस. तुमच्या कॅन्टीनमध्ये कप असतील."

त्याने एका हाताने पालखीचा दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने पुस्तक कमरेला खोचलं.

चौकात वाहतुकीच्या हवालदाराने दिंडीला थांबवलं आणि रस्ता मोकळा होईपर्यंत माझ्याशी बोलत उभा राहिला. त्याला इतिहासाची हवी होती. मी त्याला घोड्यांना नाल ठोकणाऱ्याची कादंबरी सांगितली. लढाई त्यात शेवटपर्यंत दिसत नाही. किती घोडे परत आले आणि कसे आले, यावरून कळते.

"राजा नाही का?"

"एकदा येतो. घोडा लंगडतोय म्हणून तक्रार करतो आणि जातो."

हवालदार म्हणाला, आमचे साहेब असेच येतात. पुस्तक त्याने टोपीखाली धरलं आणि दिंडी सोडली.

जुन्या गल्लीत वरच्या सज्जातून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली. भाजी घ्यायला सोडतात तशी. वर साठीच्या बाई होत्या. बातमी आमच्या पुढे पोचली होती.

"ओ पुस्तकवाले. एक टाका यात. रडवणारी नको, घरात पुरेसं आहे."

"चंद्रावर बदली झालेल्या कारकुनाची आहे."

"तिथेही बदल्या होतात?"

"होतात. रद्दही होतात. पण रद्द झाल्याचा कागद पोचायला वेळ लागतो, तोवर तो तिथे कार्यालय थाटून बसलेला असतो."

"शेवट चांगला आहे ना?"

"तुम्ही कुठे होतात नोकरीला?"

"जिल्हा परिषदेत."

"मग चांगला वाटेल."

पिशवी वर गेली. पूल होणार म्हणून गावातले सगळे होड्या विकून टाकतात आणि पूल होत नाही, ती कादंबरी चहावाल्याने घेतली. प्रेमाची एका तरुण जोडप्याने घेतली. दोघांत एक प्रत, म्हणजे भांडण ठरलेलं, पण ते माझ्या अखत्यारीत नाही. माझ्या बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा दुकानात जाऊन दुसऱ्या प्रती काढायच्या होत्या. त्याच वेळी ढोलवाल्यांनी चाल बदलली, दिंडी पळायला लागली आणि पालखीबरोबर मीही पळालो. पालखी सोडली असती तर सातवीही गेली असती.

सातवी म्हणजे थंड देशातली, भाषांतरित. दाराएवढी जाड. वाटेत तिला कोणी हात लावला नाही. खरं तर सातांत तीच मला सर्वांत जवळची आहे. पहिली साठ पानं नुसती माणसं घरात येत असतात, कोट काढतात आणि नमस्कार करतात. तेवढी सोडून द्यावीत. ज्यांनी सोडली ते नंतर मागे जाऊन वाचतात. माझ्या पन्नास पानांच्या नियमात ही एकच कादंबरी बसत नाही, म्हणून ती मी फार कमी जणांना देतो.

सभागृहाच्या दारात प्रमुख पाहुणे हार आणि नारळ घेऊन उभे होते. शेजारी सचिव, समोर फोटोग्राफर. पाहुण्यांनी पालखीत पाहिलं. झेंडू होता. त्यांनी तो हाताने बाजूला केला. खाली आणखी झेंडू होता.

"ग्रंथ?" त्यांनी विचारलं.

"एक आहे. तळाला बघा," मी म्हटलं.

"बाकीचे?" सचिवांनी विचारलं.

"वाचायला गेले."

फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, रिकामी दिसतेय पालखी." सचिवांनी एका कार्यकर्त्याला आत पिटाळलं. तो मंडळाच्या वार्षिक अहवालांचे सहा जुने खंड घेऊन आला. लाल कापडी बांधणीचे. पाहुण्यांनी त्यांना हार घातला, नारळ वाढवला आणि लवून नमस्कार केला. फोटो चांगला आला.

मग सचिव मला जिन्याखाली घेऊन गेले.

"तुमची दहा मिनिटं रद्द."

"ठरलं होतं."

"सात ग्रंथ पोचण्याचं ठरलं होतं. एक पोचला."

माझं डोकं तापलं. समोरचा खोटं बोलत असता तर इतकं तापलं नसतं. मी म्हटलं, ग्रंथदिंडी कशाला काढता? लोकांनी पुस्तकं वाचावीत म्हणून ना? मग पालखी रिकामी झाली हे तुमचं यश आहे, ते मी तुम्हाला सभागृहात पोचायच्या आधी मिळवून दिलं. ते म्हणाले, शेठ, शब्द म्हणजे शब्द. हे वाक्य माझं आहे. मी ते दिवसातून दोनदा गिऱ्हाइकांना ऐकवतो.

"बरं," मी म्हटलं. "एक पोचला, तर एकाची मिनिटं द्या. दहाला साताने भागा."

सचिवांनी वर छताकडे पाहिलं. बँकेतला माणूस.

"एक मिनिट पंचवीस सेकंद," ते म्हणाले.

"द्या."

सत्कार, दीपप्रज्वलन आणि आणखी एक सत्कार झाल्यावर मला बोलावलं. माइकसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा उभा होतो. सभागृह भरलेलं होतं. दातांचे डॉक्टर दुसऱ्या रांगेत होते. सचिवांच्या एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हाताशी घंटा होती. मी म्हटलं, मला आवडलेल्या कादंबऱ्यांविषयी मी बोलणार आहे, पण इथे उभं राहायला मला इतकी वर्षं का लागली ते आधी थोडक्यात सांगतो. थोडक्यातच सांगत होतो. डॉक्टरांपर्यंत आलो आणि घंटा वाजली.

एकाही कादंबरीचा विषय निघाला नव्हता. सचिवांचं घड्याळ पुढे आहे असं माझं आजही मत आहे.

मी खाली उतरलो आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. प्रमुख पाहुणे बोलायला उठले. आजचा वाचक कुठे हरवला, हा त्यांचा विषय होता. शेजारी एक वृद्ध गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते माझ्याकडे झुकले.

"अहो, पण आवडलेल्या कादंबऱ्या कुठल्या?"

मी हळू आवाजात सांगायला लागलो. लॉज सांगितला, कप सांगितले, नाल ठोकणारा सांगितला. पुढच्या रांगेतून दोनदा शूऽ झालं. तिसऱ्यांदा कार्यकर्ता आला आणि आम्हा दोघांना हात जोडून बाहेर जायला सांगितलं. आम्ही सभागृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.

"प्रेमाची राहिली," ते म्हणाले.

"ती तुमच्या वयाची आहे. सरकारी क्वार्टरं असतात. एकीकडे पन्नाशी ओलांडलेला एकटा माणूस, दुसरीकडे तशीच एकटी बाई. मधे एक नळ. पाणी सकाळी थोडा वेळ येतं. पहिल्या पानावर त्यांचं भांडण होतं आणि पुढे बराच काळ तेवढंच होतं."

ते सावरून बसले. "मी एकलहऱ्याला वीजकेंद्रात होतो. सगळा जन्म क्वार्टरमध्ये गेला. नळ कोणाच्या बाजूला होता?"

"तिच्या."

"मग तो हरला."

"ते सांगणार नाही. वाचा."

"त्यात वाचायचं काय? ज्याच्या बाजूला नळ तो जिंकतो. तुम्ही कधी क्वार्टरमध्ये राहिलात?"

"नाही."

"बाई नळावर असताना बादली लावली आहे कधी?"

"नाही."

"मग तुम्हाला ती कादंबरी कळलेली नाही."

सकाळपासूनचं सगळं सहन केलं होतं, पण हे नाही झालं. मला कादंबरी कळलेली नाही, असं मंडळानेसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, आजोबा, ऐका. आणि त्यांना एकशे बाराव्या पानावरचं सांगितलं. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगायला नको होतं. ती बाई भांडून, आपलं पाणी भरून आत जाते, तेव्हा नळ बंद करत नाही. रोज. तो तणतणत येतो, पाणी वाया घालवते म्हणून शिव्या देतो आणि त्या वाहत्या नळाखाली आपली बादली लावतो. ती विसरत नाही. तिला त्याच्याशी बोलायचं नसतं आणि त्याची बादली रिकामीही राहू द्यायची नसते. त्याला हे समजायला पुस्तक संपत येतं. "आता बोला," मी म्हटलं, "कोण जिंकलं?"

आत पाहुण्यांच्या भाषणाला टाळ्या पडल्या. काठीचं टोक त्यांनी पायरीच्या फटीत घातलं आणि तसंच फिरवत राहिले.

"आमच्या शेजारच्या बाई असाच ठेवायच्या," शेवटी ते म्हणाले. "मी वर तक्रार केली होती. लेखी."

मी म्हटलं, त्या विसरतही असतील.

"नाही हो," ते म्हणाले. "त्या काहीच विसरत नव्हत्या." मग, "दुकान लांब आहे का तुमचं?"

"नाही. या गल्लीतून गेलं की आलंच."

"जिना?"

"एक पायरी आहे."

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उठायला उजवा हात माझ्यापुढे धरला.